धर्मादाय संस्था, इस्लामी
धर्मादाय संस्था, इस्लामी : इस्लामी धर्मशास्त्राच्या (फिक्हच्या) चौकटीत दानधर्मासाठी स्थापन झालेल्या व चालविल्या जाणाऱ्या संस्था. जकात हे अनिवार्य दान, सदका हे ऐच्छिक दान आणि वक्फ हे कायमस्वरूपी दान, असे इस्लामी दानाचे तीन प्रमुख प्रकार होत. दान करणे हे पुण्यकर्म आहे, याविषयी मुस्लिम धर्मशास्त्रज्ञांत कधीच दुमत नव्हते. मात्र दाता आणि याचक यांच्यामध्ये एखादी टिकाऊ संस्था उभी करणे कितपत धर्मसंमत आहे, या प्रश्नावर आठव्या शतकापासून मतभेद होत आले आहेत. मनुष्याने आपली मालमत्ता मृत्यूनंतरही आपल्या इच्छेने कायमची बांधून ठेवावी काय? तशी ती बांधली, तर कुराणाने नेमून दिलेल्या वारसांच्या हिश्शांचे काय होणार? जकात संस्थेच्या हवाली केल्याने दात्याचे कर्तव्य पुरे होते, की ती प्रत्यक्ष गरिबाच्या हाती पडावी लागते? संस्था टिकावी म्हणून तिचा निधी नफ्यासाठी गुंतविता येईल काय? या प्रश्नांची जी उत्तरे दिली गेली, त्यांतूनच इस्लामी धर्मादाय संस्थांचा इतिहास घडला.

मूलाधार : कुराणात नमाजाच्या आज्ञेबरोबरच जकातीची आज्ञा वारंवार येते. जकातीचा विनियोग कोणासाठी करावा, हे नवव्या सूरेच्या ६० व्या आयतीत सांगितले आहे. निर्धन, गरजू, जकात गोळा करणारे कर्मचारी, ज्यांची मने वळवावयाची आहेत असे लोक, दास्यात असलेले, कर्जबाजारी, ईश्वरी मार्गातील कार्य आणि प्रवासी अशा आठ वर्गांचा तीत निर्देश आहे. वसुली व वाटप करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा (आमिलीन) या यादीत समावेश असणे लक्षणीय आहे. दान ही व्यक्तीची खाजगी बाब असली, तरी तिच्यासाठी काही यंत्रणा लागते आणि त्या यंत्रणेचा खर्च दानातून भागविता येतो, हे त्यावरून सूचित होते. संस्थात्मक दानाच्या समर्थकांचा हा सर्वांत भक्कम आधार होय.

वक्फ ही संज्ञा मात्र या अर्थाने कुराणात आढळत नाही. ‘थांबविणे’, ‘अडविणे’ या अर्थाच्या अरबी धातूपासून हा शब्द बनला आहे. उत्तर आफ्रिकेत त्याऐवजी ‘हुबुस’ हा समानार्थी शब्द रूढ आहे. वक्फचा आधार मुख्यत्वे हदीस वाङ्‌मयात सापडतो. ६२८ मध्ये खैबर जिंकल्यानंतर उमर (पुढे दुसरे खलिफा) यांच्या वाट्याला तेथील उत्तम जमीन आली. तिचे काय करावे, असे त्यांनी पैगंबरांना विचारले. मूळ जमीन राखून ठेवावी व उत्पन्न दान करावे, असा सल्ला मिळाला. त्यानुसार ती जमीन विकता, बक्षीस देता वा वारशाने घेता येणार नाही, असे उमर यांनी ठरविले. तिचे उत्पन्न गरीब, आप्त, गुलामांची मुक्तता, अतिथी व प्रवासी यांच्याकरिता ठेवले आणि व्यवस्था पाहणाऱ्याने त्यातून वाजवी प्रमाणात निर्वाह करावा, अशीही मुभा दिली. मूळ अक्षय, लाभ वाहता आणि व्यवस्थापक मर्यादित हक्काचा, ही वक्फची तीनही लक्षणे या वृत्तांतात दिसतात. मृत्यूनंतर मनुष्याची सर्व कर्मे थांबतात. फक्त सतत चालणारे दान, उपयोगी पडणारी विद्या आणि प्रार्थना करणारे सदाचारी अपत्य यांचे पुण्य चालू राहते, या आशयाची हदीसही वक्फच्या समर्थनार्थ पुढे केली जाते.

ग्राह्यतेविषयीचा वाद : असा आधार असूनही आरंभीच्या काळात वक्फची ग्राह्यता सर्वमान्य नव्हती. कूफा येथील प्रसिद्ध काजी शुरैह यांचा त्याला विरोध होता, असे परंपरा सांगते. ईश्वराने ठरवून दिलेल्या वारसा-हिश्शांपासून संपत्ती अडवून ठेवता येणार नाही, असे त्यांच्या आक्षेपाचे सार होते. कुराणाच्या चौथ्या सूरेत मुलगे, मुली, आईवडील व पतिपत्नी यांचे वाटे निश्चित केले आहेत, तर मृत्युपत्राने देता येणारी संपत्ती हदीसच्या आधारे एक तृतीयांशापुरती मर्यादित आहे. हयातीतील वक्फला अशी मर्यादा नसल्याने त्याच्या मार्गाने ही सारी व्यवस्था निष्फळ करता येईल, ही भीती निराधार नव्हती.

हनफी पंथाचे प्रवर्तक अबू हनीफा (६९९–७६७) यांनी मधला मार्ग स्वीकारला. त्यांच्या मते वक्फमध्ये मालमत्तेची मालकी दात्याकडेच राहते व केवळ तिचा लाभ दान होतो. हे दान उसनवार दिलेल्या वस्तूसारखे असल्याने दाता ते मागे घेऊ शकतो आणि त्याच्या मृत्यूनंतर मालमत्ता वारसांकडे जाते. काजीने निर्णय दिल्यास अथवा मृत्युपत्राद्वारे दान केल्यासच ते बंधनकारक ठरते. म्हणजे पंथप्रवर्तकाने वक्फ निषिद्ध ठरविला नाही. परंतु त्याच्या चिरंतनत्वास मान्यता नाकारली.

त्यांचे प्रमुख शिष्य अबू यूसुफ (मृ. ७९८) व मुहंमद अल्-शैबानी (मृ. ८०५) यांनी या मुद्यावर आपल्या गुरूचे मत सोडून दिले. अबू यूसुफ हे आधी गुरूच्याच मताचे होते. परंतु मदीनेत पैगंबरांच्या सहकाऱ्यांनी केलेले वक्फ पिढ्यान्‌पिढ्या चालू असल्याचे पाहून त्यांनी मत बदलले, अशी कथा हनफी ग्रंथांत आढळते. त्यांच्या मते दात्याने तोंडी घोषणा करताच वक्फ पूर्ण होतो. शैबानी यांच्या मते मालमत्तेचा ताबा व्यवस्थापकाकडे (मुतवल्लीकडे) देणेही आवश्यक आहे. पुढील हनफी परंपरेने शिष्यांचेच मत प्रमाण मानले आणि वक्फ हे अपरिवर्तनीय व कायमस्वरूपी दान ठरले. नवव्या शतकात हिलाल अल्-राय व अल्-खस्साफ यांनी केवळ वक्फच्या नियमांवर स्वतंत्र ग्रंथ रचले. या विषयाला तोपर्यंत आलेले महत्त्व त्यावरून कळून येते.

इतर पंथांनीही वक्फ मान्य केला. पण मालकी कोणाकडे जाते, या प्रश्नाची उत्तरे भिन्न दिली. शाफई पंथानुसार आणि अबू यूसुफ-शैबानी यांच्या मते ती ईश्वराकडे जाते, म्हणजेच कोणाही मनुष्याची राहत नाही. मालिकी पंथानुसार ती दात्याकडेच राहते. मात्र विक्री वगैरे हक्क तो वापरू शकत नाही. हंबली पंथातील प्रचलित मतानुसार ती लाभधारकांकडे जाते. मालिकी पंथ ठराविक मुदतीचा वक्फही ग्राह्य धरतो; इतर सुन्नी पंथांत चिरंतनत्वाची अट सामान्यतः आवश्यक मानली जाते. शिया पंथाच्या जाफरी धर्मशास्त्रात ताबा देण्याच्या अटीवर विशेष भर आहे.

वक्फची रचना : वैध वक्फसाठी दाता (वाकिफ) सज्ञान, शुद्धीवर असलेला व मालमत्तेचा खराखुरा मालक असावा लागतो. मालमत्ता निश्चित आणि टिकाऊ असावी. उद्देश धर्मशास्त्राला मान्य असलेले पुण्यकार्य हाच असावा. अबू यूसुफ यांच्या मते दाता स्वतःच्या हयातीपुरता लाभ राखून ठेवू शकतो. मालिकी पंथास हे मान्य नाही. मुस्लिमेतराने गरिबांसाठी, रुग्णांसाठी वा प्रवाशांसाठी केलेला वक्फही हनफी मतानुसार वैध आहे. अखेरच्या आजारपणात केलेला वक्फ मात्र मृत्युपत्राप्रमाणेच एक तृतीयांश मर्यादेत येतो. वारसांच्या हिताची जी काळजी शुरैह यांनी वाहिली होती, तिचा अंशतः स्वीकार या नियमात झालेला दिसतो.

दात्याने वक्फनाम्यात घातलेल्या अटी धर्मशास्त्राच्या वचनाइतक्याच बंधनकारक मानाव्यात, असा सामान्य नियम होता. मुतवल्ली हा मालक नव्हे, तर विश्वस्त होय. तो मालमत्ता विकू शकत नाही. गैरव्यवहार केल्यास काजी त्याला काढून टाकू शकतो. मालमत्ता निरुपयोगी झाल्यास काजीच्या अनुमतीने तिच्या बदली दुसरी घेण्याची (इस्तिब्दाल) सोय हनफी पंथाने ठेवली होती. या सोयीचा पुढे बराच दुरुपयोगही झाला.

पाश्चात्त्य कायद्यातील निगमासारखी, म्हणजे सभासदांहून वेगळे कायदेशीर व्यक्तित्व असलेली व स्वतःचे नियम स्वतःच बदलू शकणारी संस्था अभिजात इस्लामी कायद्यात विकसित झाली नाही. सार्वजनिक कोषागार (बैत-उल्-माल) व वक्फ यांना काही बाबतींत व्यक्तीसारखे मानले गेले, उदा., मुतवल्ली वक्फच्या नावे कर्ज काढू शके आणि ते वक्फच्या उत्पन्नातून फिटे. तथापि वक्फची सूत्रे दिवंगत दात्याच्या इच्छेशी बांधलेली राहत. बदलत्या गरजांनुसार उद्देश बदलण्याची मोकळीक व्यवस्थापकांना नव्हती. मध्यपूर्वेच्या आर्थिक पीछेहाटीचे हे एक कारण होय, असे मत तिमूर कुरान या अर्थशास्त्रज्ञाने मांडले आहे. व्यवहारात काजी व मुतवल्ली यांनी बरीच लवचिकता दाखविली, असे दाखवून इतर अभ्यासकांनी या मताला मर्यादा घातल्या आहेत.

ऐतिहासिक कार्य : मध्ययुगीन मुस्लिम नगरांतील आज ज्यांना सार्वजनिक सेवा म्हणता येईल अशा बहुतेक सेवा वक्फच्या उत्पन्नावर चालत. बगदाद येथील निजामिया मदरसा (१०६७), दमास्कस येथील नूरुद्दीनने बांधलेले रुग्णालय (११५४) आणि कैरो येथील सुलतान कलाऊनचे रुग्णालय (१२८४) ही त्याची ठळक उदाहरणे होत. कलाऊनच्या रुग्णालयात स्त्री-पुरुष, श्रीमंत-गरीब अशा सर्वांना उपचार मिळावेत, अशी तरतूद वक्फनाम्यात होती. जेरूसलेम येथे ऑटोमन सुलतान सुलेमानची पत्नी हुर्रम हिने १५५२ मध्ये स्थापन केलेल्या अन्नछत्रात दररोज शेकडो लोक जेवत. १३२६ मध्ये दमास्कसला गेलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने तेथील वक्फांच्या विविधतेविषयी आश्चर्य व्यक्त केले आहे. गरीब मुलींच्या विवाहासाठी, युद्धकैद्यांच्या सुटकेसाठी, रस्त्यांच्या दुरुस्तीसाठी, एवढेच नव्हे, तर नोकराच्या हातून फुटलेल्या भांड्याची भरपाई करण्यासाठीही तेथे वक्फ होते. १५४६ मधील इस्तंबूलच्या नोंदवहीत सु. २,५०० वक्फ असून त्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक स्त्रियांनी स्थापन केलेले होते. मुस्लिम कायद्याने स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेवर दिलेल्या स्वतंत्र हक्काचा हा परिणाम होय.

वक्फमागील हेतू नेहमीच निखळ धार्मिक असत असे नाही. मामलूक अमलातील ईजिप्तमध्ये अमीर मंडळी आपली संपत्ती सुलतानाने जप्त करू नये म्हणून मदरसे व खानकाहे बांधून त्यांना वक्फ देत आणि त्यांच्या व्यवस्थापनात वंशजांची सोय करून ठेवीत, असे इब्न खल्दून या इतिहासकाराने नमूद केले आहे. या प्रथेमुळे कैरोत विद्येला बहर आला, हेही त्याने सांगितले आहे.

रोख रकमेचा वक्फ : सोळाव्या शतकात ऑटोमन साम्राज्यात या विषयावर एक मोठा शास्त्रीय वाद झडला. पंधराव्या शतकापासून तेथे जमिनीऐवजी रोख रकमेचे वक्फ करण्याची प्रथा वाढली होती. ही रक्कम कर्जाऊ देऊन तिच्यावर साधारणतः शेकडा १० ते १५ दराने मिळणाऱ्या उत्पन्नातून मशिदी, शाळा व अन्नछत्रे चालत. वापरताच हातची जाते अशा वस्तूचा कायमस्वरूपी वक्फ कसा होईल आणि हे उत्पन्न म्हणजे निषिद्ध व्याजच (रिबा) नव्हे काय, असे दोन आक्षेप त्यावर होते. चिवीजादे मुहियुद्दीन या धर्मपंडिताच्या प्रयत्नांमुळे १५४० नंतरच्या दशकात अशा वक्फवर काही काळ बंदीही आली.

शेख-उल्-इस्लाम अबुस्सऊद (कार. १५४५–७४) यांनी या प्रथेचे समर्थन केले. अबू हनीफांचे दुसरे शिष्य जुफर यांनी नाण्यांचा वक्फ ग्राह्य मानल्याचे मत त्यांनी पुढे आणले. लोकरूढीने मान्य केलेल्या जंगम वस्तूंचा वक्फ शैबानी यांना संमत होता, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. नाण्यांच्या बाबतीत नाणी बदलली, तरी मूल्य कायम राहते आणि तेच वक्फचे मूळ होय, असा त्यांचा युक्तिवाद होता. बाल्कन प्रदेशातील बाली एफेंदी या सूफी पंडिताने व्यावहारिक बाजू मांडली. प्रथा मोडल्यास असंख्य मशिदी व शाळा ओस पडतील, असा इशारा त्याने दिला. १५४८ च्या सुमारास सुलतानी आज्ञेने प्रथा पुन्हा मान्य झाली. बिरगिवी (१५२३–७३) या निस्पृह विद्वानाने मात्र अखेरपर्यंत विरोध सोडला नाही. वक्फ अवैध असेल, तर ती रक्कम दात्याच्या वारसांचीच ठरते. म्हणून पुण्य समजून केलेल्या या कृत्याने दाता, व्यवस्थापक व काजी असे सर्वच दोषी होतात, असे त्याचे म्हणणे होते. धर्माचा नियम सैल करून धर्मकार्य टिकवावे काय, या प्रश्नाला दोन प्रामाणिक विद्वानांनी दिलेली ही परस्परविरोधी उत्तरे होत. जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने २००४ च्या मस्कत अधिवेशनात रोख रकमेचा वक्फ ग्राह्य ठरविला. मात्र तिची गुंतवणूक व्याजरहित मार्गानेच व्हावी, या तत्त्वास मुरड घातली नाही.

जकात आणि संस्था : जकात गोळा करणे हे मुळात राज्याचे काम होते. पहिले खलिफा अबू बक्र (कार. ६३२–३४) यांनी जकात नाकारणाऱ्या अरब टोळ्यांविरुद्ध युद्ध पुकारले. पुढे सोने, चांदी यांसारख्या ‘गुप्त’ संपत्तीची जकात दात्याने स्वतः वाटावी व पिके, गुरे यांसारख्या ‘प्रकट’ संपत्तीची राज्याने वसूल करावी, असा भेद रूढ झाला, त्याचे श्रेय तिसरे खलिफा उस्मान (कार. ६४४–५६) यांना दिले जाते. राज्यकर्ते न्यायी राहिले नाहीत, तेव्हा त्यांच्या हाती जकात द्यावी किंवा कसे, हा प्रश्न उपस्थित झाला आणि त्यावर धर्मपंडितांत मतभेद झाले.

आधुनिक काळात हीच समस्या खाजगी संस्थांच्या संदर्भात नव्याने उभी राहिली. हनफी मतानुसार जकातीची रक्कम गरिबाच्या मालकीची करून देणे (तम्लीक) आवश्यक असते. त्यामुळे मशीद, पूल वा रुग्णालयाची इमारत बांधण्यासाठी ती खर्च करता येत नाही. शिवाय संस्था ही कोणाची प्रतिनिधी (वकील) आहे, हा मुद्दा निर्णायक ठरतो. ती दात्याची प्रतिनिधी असेल, तर रक्कम गरिबापर्यंत पोहोचेपर्यंत दात्याचे कर्तव्य शिल्लक राहते. ती गरिबांची प्रतिनिधी मानली, तर पावती मिळताच ते पुरे होते. तसेच कुराणातील ‘आमिलीन’ म्हणजे राज्याने नेमलेले कर्मचारी, की कोणत्याही संस्थेचे कर्मचारी, याविषयीही एकमत नाही. काही आधुनिक विद्वान ‘ईश्वरी मार्गातील कार्य’ या वर्गाचा अर्थ व्यापक करून शिक्षण व समाजसेवा यांचा त्यात समावेश करतात; परंपरावादी विद्वानांना हा विस्तार मान्य नाही. उपरोक्त फिक्ह अकादमीने १९८६ च्या अम्मान अधिवेशनात गरिबांच्या तातडीच्या गरजा भागल्यानंतर व पुरेशी हमी असल्यास जकातीचा निधी उत्पादक प्रकल्पांत गुंतविण्यास संमती दिली. पाकिस्तानने १९८० च्या वटहुकुमाने बँक-ठेवींतून जकात कापून घेण्याची पद्धत सुरू केली, तेव्हा शिया समाजाने तीव्र विरोध केला व त्याला त्यातून सूट द्यावी लागली. बिहारमध्ये १९२१ साली स्थापन झालेली इमारत-ए-शरिया ही संस्था मुस्लिम राज्यसत्ता नसलेल्या समाजाने जकातीची सामुदायिक व्यवस्था कशी उभारावी, याचे उल्लेखनीय उदाहरण होय.

भारतातील वक्फ व न्यायालये : भारतात सल्तनत काळापासून मशिदी, मदरसे, दर्गे व सराया यांना वक्फ दिलेले आढळतात. महाराष्ट्रात औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातील पाणचक्की ही वक्फची मालमत्ता आहे. दुरून नळाने आणलेल्या पाण्याच्या जोरावर तेथे यात्रेकरू व फकीर यांच्यासाठी धान्य दळले जाई.

वक्फच्या ग्राह्यतेवरील सर्वांत दूरगामी वाद ब्रिटिश अमलात कौटुंबिक वक्फवरून (वक्फ-अलल्-औलाद) झाला. या प्रकारात उत्पन्न दात्याच्या वंशजांना व वंश खुंटल्यास गरिबांना मिळते. स्वतःच्या कुटुंबाचे पोषण हेही पुण्यकर्म आहे, असे मुस्लिम धर्मशास्त्र मानते. इंग्रजी कायद्याच्या दृष्टीने मात्र आप्तांचा निर्वाह म्हणजे धर्मादाय नव्हे, शिवाय मालमत्ता अनंत काळ बांधून ठेवण्यास त्याचा विरोध होता. मुंबई उच्च न्यायालयाने १८८१ मध्ये फातमाबीबीच्या खटल्यात, अंतिम लाभ धर्मकार्यास दिलेला असल्यास असा वक्फ वैध ठरतो, असा निर्णय दिला. कलकत्ता उच्च न्यायालयातील न्यायमूर्ती अमीर अली यांनीही १८९३ मध्ये आपल्या भिन्नमतपत्रिकेत हीच भूमिका सविस्तर मांडली. परंतु १८९४ मध्ये अबुल फता विरुद्ध रसमय धर चौधरी या खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ती अमान्य केली. दोन भावांनी वंशजांसाठी व संपूर्ण वंशच्छेदानंतर विधवा, अनाथ, भिक्षेकरी आणि गरीब यांच्यासाठी केलेला वक्फ या खटल्यात वादग्रस्त होता. गरिबांना इतक्या दूर भविष्यात देऊ केलेला लाभ भ्रामक आहे, म्हणून तो वक्फ अवैध ठरतो, असा निर्णय लॉर्ड हॉबहाउस यांनी दिला.

या निर्णयाने भारतातील मुस्लिमांत मोठा असंतोष पसरला. धर्मशास्त्राचा अर्थ परकीय न्यायाधीशांनी लावावा काय, हा प्रश्न त्याच्या मुळाशी होता. शिबली नोमानी यांच्यासारख्या विद्वानांनी जनमत संघटित केले. मुंबईच्या मुस्लिमांचे प्रतिनिधी मुहंमद अली जिना यांनी १९११ मध्ये केंद्रीय विधिमंडळात विधेयक मांडले व ते १९१३ चा मुसलमान वक्फ ग्राह्यता अधिनियम म्हणून संमत झाला. अंतिम लाभ गरिबांसाठी वा कायम टिकणाऱ्या धार्मिक कार्यासाठी राखून ठेवला असेल, तर कौटुंबिक वक्फ वैध मानावा, असे त्यात ठरविले. हा अधिनियम पूर्वीच्या वक्फना लागू नाही, असे न्यायालयांनी म्हटल्यामुळे १९३० च्या अधिनियमाने त्याला पूर्वलक्षी परिणाम देण्यात आला.

दरम्यान संस्थांचा एक नवा प्रकार उदयास आला होता. मुंबईतील अंजुमन-ए-इस्लाम (१८७४) व लाहोरमधील अंजुमन-ए-हिमायत-ए-इस्लाम (१८८४) या संस्था वर्गणीदार सभासदांच्या होत्या. देवबंद येथील मदरशाच्या (१८६६) संस्थापकांनी तर जहागिरीसारख्या निश्चित उत्पन्नावर विसंबू नये, सामान्यजनांच्या देणग्यांवरच संस्था चालवावी, असे जाणीवपूर्वक ठरविले. निश्चित उत्पन्नाने ईश्वरावरील भरवसा व आपसांतील एकोपा ढळतो, असा त्यामागील विचार होता. अशा सभा-संस्थांना फिक्ह ग्रंथांत पूर्वोदाहरण नव्हते; तरीही सत्कार्यात परस्परांना साहाय्य करण्याच्या कुराणातील आज्ञेच्या आधारे त्यांना सहज मान्यता मिळाली.

आधुनिक स्थिती : एकोणिसाव्या शतकापासून राज्यसंस्थांनी वक्फ आपल्या नियंत्रणाखाली आणले. ऑटोमन शासनाने १८२६ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र खाते निर्माण केले. तुर्कस्तानने १९२४ मध्ये वक्फ मंत्रालय बंद केले. सिरियाने १९४९ मध्ये व ईजिप्तने १९५२ मध्ये कौटुंबिक वक्फ रद्द केले. वारसांवर अन्याय होतो आणि जमिनी अनुत्पादक राहतात, ही कारणे तेथील सुधारकांनी दिली. त्यांपैकी पहिले कारण शुरैह यांच्या जुन्या आक्षेपाचेच नवे रूप होते.

स्वतंत्र भारतात १९५४ व १९९५ च्या अधिनियमांन्वये राज्यवार वक्फ मंडळे अस्तित्वात आली. महाराष्ट्राचे मंडळ २००२ मध्ये स्थापन झाले. त्यापूर्वी राज्याच्या बऱ्याच भागांत वक्फ व इतर मुस्लिम न्यास १९५० च्या सार्वजनिक न्यास अधिनियमाखाली नोंदले जात. मुस्लिमांनी स्थापन केलेला प्रत्येक सार्वजनिक न्यास म्हणजे वक्फ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये महाराष्ट्रातील प्रकरणांच्या संदर्भात स्पष्ट केले. सच्चर समितीच्या अहवालानुसार (२००६) देशात ४·९ लाखांहून अधिक नोंदणीकृत वक्फ मालमत्ता व सु. ६ लाख एकर जमीन असून त्यांपासून वर्षाला केवळ १६३ कोटी रु. उत्पन्न मिळत होते. योग्य व्यवस्थापन झाल्यास ते सु. १२,००० कोटी रु. होऊ शकेल, असा समितीचा अंदाज होता. दात्यांनी गरिबांसाठी ठेवलेली संपत्ती गरिबांपर्यंत पोहोचत नव्हती, असा या आकड्यांचा अर्थ होतो. २०२५ च्या दुरुस्ती अधिनियमाने मंडळांची रचना, नोंदणी व मालमत्तेची निश्चिती यांविषयी मोठे बदल केले. ते विवाद्य ठरले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांतील काही तरतुदींना अंतरिम स्थगिती दिली. कौटुंबिक वक्फमुळे स्त्रियांसह कोणत्याही वारसाचा हक्क डावलला जाऊ नये, अशी एक तरतूद त्या अधिनियमात आहे.

समालोचन : इस्लामी धर्मशास्त्राने धर्मादाय संस्थेला मान्यता दिली, ती एका वचनाच्या बळावर नव्हे, तर दीर्घ युक्तिवादानंतर. अबू हनीफांच्या शंकेला त्यांच्याच शिष्यांनी उत्तर दिले, अबुस्सऊद यांनी लोकरूढीला शास्त्राचे बळ दिले आणि आधुनिक परिषदांनी गुंतवणुकीचा मार्ग मोकळा केला. प्रत्येक वेळी मान्यतेची कक्षा रुंदावत गेली. परंतु आक्षेप घेणाऱ्यांचे मुद्दे त्यामुळे निरर्थक ठरले नाहीत. वारसाला त्याचा वाटा मिळावा, उत्पन्न निर्दोष असावे आणि दान खरोखर गरजूच्या हाती पडावे, हे तीन दंडक त्यांनीच जिवंत ठेवले. संस्था स्थापन करणे ग्राह्य आहे, हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला आहे. ती दात्याच्या हेतूशी प्रामाणिक राहते की नाही, हे मात्र प्रत्येक संस्थेच्या बाबतीत नव्याने तपासावे लागते. उमर यांनी खैबरच्या जमिनीच्या व्यवस्थापकाला वाजवी निर्वाहाची मुभा दिली, ती संचय न करण्याच्या अटीवर. इस्लामी धर्मादाय संस्थांच्या उत्कर्षाचा व ऱ्हासाचा बराचसा इतिहास ही अट पाळली जाण्यावर वा मोडली जाण्यावर अवलंबून राहिला आहे.